दरबारची भिंत

एका संस्थानात त्रिंबकराव नावाचे बागअधिकारी होते. संस्थानचं निशाण निळं, म्हणून निळ्या फुलाचं प्रत्येक झाड दरबारचं, असा हुकूम त्यांनी काढला. "वनस्पतिशास्त्रात सेरुलिया म्हणजे निळं. कारवी निळी फुलते, तेव्हा तीही सेरुलियाच," असं ते दरडावून सांगत. पुस्तकात कारवीला ते नाव नव्हतंच, पण त्यांना विचारणार कोण?

डोंगरातली माणसं कारवीच्या काठ्यांवर शेणमाती लिंपून भिंती उभ्या करतात. त्या हुकमावरून शिपाई ठकी नावाच्या बाईच्या झोपडीची भिंत उपटू लागले. आत तिचं तान्हं लेकरू निजलं होतं. त्याला कडेवर घेऊन ती तडक राजांपुढे गेली. रागाच्या भरात मुजरा करायचाही राहिला.

"माझी भिंत कुणाची, सरकार?"

"दरबारची," त्रिंबकरावच मध्ये बोलले. "सेरुलिया आहे ती."

"मग पाऊस तोंडावर आलाय. दरबारची भिंत दरबारानं लिंपावी. मी का शेणात हात घालू? अन् ती कोसळून लेकरू दबलं, तर दरबारालाच धरीन."

 राजे म्हणाले, "त्रिंबकराव, जोडे काढा. शेण कालवायला जा."

कारवी सेरुलिया नसल्याचं त्रिंबकरावांना तिथल्या तिथं आठवलं.