द्वारकाआक्कांचा कॉम्प्युटर आणि म्हाळू

कोळवडी गावात एक भोळा गडी होता, म्हाळू नावाचा. तिशी उलटली, मिशीत पांढरा केस आला, पण सांगितलेलं शब्दशः करायचं, एवढंच त्याला यायचं.

त्याच गावात द्वारकाआक्का लग्नं जुळवायच्या. आधी वह्या होत्या, मग कॉम्प्युटर आला. पंचक्रोशीतली दोन हजार मुलंमुली त्यात कोंबलेली. म्हाळू तो चालवायचा. त्यात त्याने पिंपरीच्या रेणुकेचा फोटो पाहिला आणि जीव तिथेच अडकला.

आक्का म्हणाल्या, "म्हाळू, चार महिने नीट काम कर. तिच्या बापाकडे मी स्वतः शब्द टाकते."

म्हाळू म्हणाला, "बरं." आणि घोळ सुरू झाले.

कॉम्प्युटर भारी रेंगाळायचा. एका मुलीची उंची विचारली, तर पाहुण्यांचा चहा पिऊन व्हायचा, तरी आपली चकती गरगर फिरतेय. म्हणून तालुक्याहून कॉम्प्युटर दुरुस्त करणारे पेडणेकर साहेब आले. म्हाळू काय विचारतोय ते त्यांनी पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"अरे बाबा, उंचीच हवी ना? मग गोत्र, पत्रिका, मामाचं गाव, सगळं कशाला बाहेर ओढतोस? लागेल तेवढंच मागायचं."

"लागेल तेवढंच," म्हाळू म्हणाला. कॉम्प्युटर पळायला लागला.

दुसऱ्या दिवशी आक्का म्हणाल्या, "स्टँडवर मुलाकडची मंडळी उतरलीत, जा, घेऊन ये." म्हाळू गेला. आई, बाप, मामा, आत्या आणि मुलगा उभे होते. म्हाळूने मुलाला मोटारसायकलवर बसवलं आणि आणलं.

"बाकीचे कुठे रे?"

"स्टँडवर. लग्न मुलाचं आहे ना, आक्का? लागेल तेवढंच आणलं."

आत्या उन्हात अशी तापली, की आली त्याच एसटीने सगळ्यांना घेऊन माघारी गेली. स्थळ हातचं गेलं.

पुढच्या खेपेला साहेबांनी पाहिलं, म्हाळू कॉम्प्युटरला चाळीस पत्ते चाळीस वेळा विचारतोय. एक झाला की दुसरा.

"अरे, चाळीस हेलपाटे कशाला? एकदाच सगळे माग की!"

"एकदाच सगळे," म्हाळू म्हणाला.

सरपंचांच्या पुतणीला, शालनला, पाच स्थळं आली होती. आक्कांनी पाच वार ठरवून दिले. म्हाळूने पाचही एकाच वेळेला बोलावली. शालन पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली, तर एका सतरंजीवर मांडीला मांडी लावून पाच नवरदेव! पाच मामांनी एका सुरात विचारलं, "नाव काय मुली तुझं?" शालन ट्रे टाकून आत पळाली. पोहे पाचही धोतरांवर सारखे पडले.

आक्का म्हणाल्या, "मेल्या, रेणुकेचं नाव आता काढू नकोस माझ्यापुढे."

म्हाळू दोन दिवस जेवला नाही. पण कामाला आला.

तिसऱ्यांदा साहेब म्हणाले, "आडनाव शोधायला तू पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळ्यांची दारं ठोठावतोस. मी सूची करून दिलीय. आधी यादी बघ. यादीत नाही म्हणजे नाही. पुढे हिंडायचं नाही."

त्या आठवड्यात वधू-वर मेळावा होता. म्हाळू दाराशी यादी घेऊन उभा. आक्कांचे यजमान जिलब्यांचं घमेलं डोक्यावर घेऊन आले.

"नाव?"

"अरे म्हाळू, मी! तुझ्या आक्कांचा नवरा!"

म्हाळूने यादी पाहिली. "यादीत नाही म्हणजे नाही."

दुपारपर्यंत पाक त्यांच्या कानामागून ओघळत होता.

पण गंमत बघा. कॉम्प्युटर सुसाट झाला, आणि वर्षात तीस लग्नं जुळली. आक्कांचं मन द्रवलं. त्या पिंपरीला गेल्या आणि सगळे घोळ सांगून मोकळ्या झाल्या. रेणुका पोट धरून हसली. म्हणाली, "ह्या माणसाला खोटं बोलता यायचं नाही. मला पसंत आहे."

लग्न ठरलं. गोरज मुहूर्त, पिंपरीला. वऱ्हाडाला टेम्पो एकच. आक्का म्हणाल्या, "यादी कर. नाव असेल तोच चढेल."

नेमके त्याच दिवशी साहेब आले. "म्हाळू, ज्यांचं जुळलं त्यांची नावं अजून आत कशी? काम झालं की नाव कमी करायचं. उगीच ओझं."

"उगीच ओझं," म्हाळू म्हणाला.

लग्नाच्या दिवशी म्हाळूच्या मामांनी टेम्पोशी उभं राहून यादी वाचली. एकावन्न माणसं चढली. टेम्पो निघाला. मागच्यांना वाटलं नवरदेव पुढे ड्रायव्हरशेजारी, पुढच्यांना वाटलं मागे बायकांत. पिंपरीला सनई वाजली, टेम्पो रिकामा झाला, आणि नवरदेवच नाही. आक्कांनी फोन लावला.

"म्हाळ्या, कुठे आहेस?"

"घरी. मुंडावळ्या बांधून बसलोय."

"का रे?"

"यादीत नाव नव्हतं."

"यादी केली कुणी?"

"मीच. माझं जुळलं ना, आक्का? म्हणून कमी केलं."

"थांब, टेम्पो पाठवते."

"पाठवा. पण चढणार कसा? नाव नाही."

आक्कांनी फोन ठेवून सगळ्यांना सांगितलं. रेणुकेने शालू खोचला. "तो येत नाही ना? मग आपण जाऊ." नवरी, भटजी, अंतरपाट, सनई, दोन्हीकडचं वऱ्हाड, सगळं टेम्पोत कोंबून कोळवडीला आलं. गाई घराकडे वळायला लागल्या होत्या. रेणुकेने दार वाजवलं.

म्हाळूने खिडकीतून पाहिलं. फोटोतलीच ती! त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने खिशातून यादीची आपली प्रत काढली.

"नाव?"

"रेणुका."

म्हाळूने बोट लावून यादी वरपासून खालपर्यंत वाचली. मग फार वाईट वाटून म्हणाला, "नाही हो. तुमचं तर माझ्याही आधी कमी केलंय." आणि खिडकी लावून घेतली.

भटजी ओरडले, "मुहूर्त चालला!"

रेणुकेने त्यांच्या कानावरचं पेन काढलं, खिडकीच्या फटीतून यादी ओढून घेतली, आणि स्वतःच्या हाताने दोन नावं लिहिली. आधी आपलं, मग त्याचं. यादी परत आत सरकवली.

आत बोट पुन्हा वरपासून फिरलं. म्हाळू वाचत होता.

मग कडी निघाली.