माडीवरचा माऊस

“...मग तो हलवतो कोण?”

धनंजय सुतारने विचारलं आणि विचारताना आवाज खाली आणला. भर दुपार होती. मठात तिसरं माणूस नव्हतं. तरी आणला.

नाथबाबा धुनीतली राख सारखी करत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

“काय हलवतो?”

“माऊस. कॉम्प्युटरचा. आत्ताच सांगितलं ना.”

“पुन्हा सांग. मला त्यातलं कळत नाही.”

धनंजयला राग आला. तालुक्याच्या गावी, राहत्या घरातच, त्याचा कॉम्प्युटरचा क्लास होता. लोक त्याला सर म्हणत. कुणाच्या घरचं यंत्र रुसलं की त्याला बोलावणं येई, आणि तो चुटकीसरशी ते चालू करून देई. एक गोष्ट दोनदा सांगायची त्याला सवय नव्हती. पण आज तो तोऱ्यात आला नव्हता. भिऊन आला होता.

त्याने पुन्हा सांगितलं.

घराच्या माडीवर आबा पडून होते. आबा म्हणजे त्याचे वडील, केरबा सुतार. अर्धं अंग गेलेलं. त्यांच्या पायाशी टेबल, टेबलावर कॉम्प्युटर. बहीण, अक्का, लग्न होऊन मस्कतला. ती रोज संध्याकाळी त्यावरून आबांना बघायची, आबा तिला बघायचे. फोनच्या एवढ्याशा काचेत आबांना माणूस ओळखू येत नसे. बोलणं झालं की धनंजय यंत्र स्लीपवर टाकी. पडदा काळा होई. आतला पंखा थांबे. यंत्र झोपी जाई.

“चांगलं आहे की,” बाबा म्हणाले.

“झोपतं आणि आपोआप उठतं. रात्रीतून कितीदा तरी. पडद्याचा उजेड आबांच्या तोंडावर पडतो. ते दचकतात. डॉक्टर म्हणतात, औषध सगळं बरोबर आहे, पण झोप नाही. झोप मिळाली तर म्हातारा सावरेल. नाही मिळाली तर...”

बाबांनी निखाऱ्यावर फुंकर घातली.

“तू एवढा सर. कर दुरुस्त.”

“सगळं करून बसलोय. उठवणारे टायमर बंद केले. अपडेट थांबवलं. नेट तोडून बघितलं. कीबोर्ड काढून ठेवला. उठवायला एकटा माऊस ठेवला. आणि यंत्राला विचारलं, का उठलंस, तर दर वेळी एकच उत्तर. माऊस हलला.”

“मग तोही काढ.”

“काढला तर ते झोपलंय की मेलंय, हे कळायचं कसं?”

“झोपवतोस कशाला? पुरतं बंद कर.”

“मागे एकदा केलं होतं. सुरूच होईना. जुनं मशीन. तिकडे अक्का वाट बघतेय, इकडे मला घाम फुटलेला. तेव्हापासून पुरतं बंद करायला हात धजत नाही.”

आता बाबांनी वर पाहिलं. धनंजयच्या डोळ्यांखाली काळं साचलं होतं.

“आबांना कूस बदलता येत नाही,” तो भराभर बोलू लागला. “मांजर नाही. उंदीर असेल म्हणून सापळा लावला, तो रिकामाच. खोलीत दुसरं कुणी नाही. मग हलवतो कोण?”

“तुला काय वाटतं?”

...

“आई त्याच खोलीत गेली.”

“हं.”

“अशीच दुपार होती. मी खाली क्लास घेत होतो. जरा पडते म्हणाली आणि वर गेली. मी बघायला गेलो नाही. चहाच्या वेळी गेलो, तर हात गार...” त्याने उपरण्यासारखा खांद्यावर टाकलेला रुमाल तोंडावरून फिरवला. “आळीतले लोक म्हणतात, ती आबांना न्यायला येतेय.”

“आणि तू काय म्हणतोस?”

“मी कॉम्प्युटर शिकवतो, बाबा.”

“ते विचारलं नाही.”

धनंजयचा हात मांडीवरच्या पिशवीवर गेला. बाबांनी तो बघितला.

“काय आणलंस?”

“काही नाही... लिंबू.”

“सरबताला?”

“मंत्रून द्या म्हणून. कॉम्प्युटरला बांधायला. बायकोने दिलंय.”

“बायकोने.”

“...हो.”

“बायको बिचारी घरी, आणि लिंबू तिच्या नावावर,” बाबा म्हणाले. त्यांनी लिंबू घेतलं, विळीवर चिरलं, तांब्यात पिळलं, चिमूटभर मीठ टाकलं. अर्धं स्वतः प्यायले. उरलेलं त्याच्यापुढे सरकवलं.

“पी. ऊन फार आहे.”

धनंजय तांब्याकडे बघत राहिला. त्याचा शेवटचा उपाय तांब्यात बियांसकट तरंगत होता.

“यंत्र उठलं हे तुला कळतं कसं?” बाबांनी विचारलं. “तू कुठं झोपतोस?”

“खाली. झोपतो कुठला! आबांचा श्वास चालू आहे का बघायला वर जातो. दाराशी पोचावं तर पडदा लख्ख उजळलेला. कुणीतरी माझीच वाट बघत बसल्यासारखा. मी खाली येतो. थोड्या वेळाने यंत्र पुन्हा झोपतं. पुन्हा जातो, पुन्हा उजेड.”

“दर वेळी?”

“दर वेळी. आणि आबा डोळे उघडून माझ्याकडे बघतात. म्हणतात, आहे अजून. जा.”

“रोज म्हणतो केरबा असं?”

“रोज.”

बाबांनी पडवीच्या टोकाला बोट केलं. तिथं मठाचा कुत्रा पडला होता.

“भैरूला झोप लागली का, बघून ये.”

“आत्ता?”

“आत्ता.”

धनंजय चडफडत उठला. कुत्र्याजवळ जाऊन वाकला. भैरूने एक डोळा उघडला.

“जागा आहे.”

“बस.” ... “आता बघून ये.”

तो पुन्हा गेला. या वेळी चवड्यांवर, भिंतीला धरून. कुत्र्याचा कान हलला. मान वर झाली.

“जागाच आहे.”

“बस.” ... “जा.”

भैरूने आता नुसतं त्याच्याकडे बघितलं नाही. उठून अंग झाडलं, जागा बदलली आणि पाठ करून बसला.

“बाबा, हे कुत्रं झोपतच नाही!”

“नाही?”

धनंजय खाली बसला. बाबांनी आपला हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला आणि तसाच राहू दिला. हात हलका होता, वाळल्या शेंगेसारखा.

...

धुनीत एक लाकूड तडकलं.

...

पडवीच्या टोकाकडून घोरणं ऐकू आलं. धनंजय चटकन उठायला गेला. गुडघ्यावरचा हात जड झाला.

तो बसून राहिला. घोरणं चालूच होतं.

“माडीची जमीन कुणी केली?” बाबांनी हळूच विचारलं.

“आबांनीच. सागाच्या फळ्या. अजून मजबूत आहेत. दाराजवळची एक तेवढी उचलते. पाय दिला की पलीकडचं टोक जरा वर येतं. त्याच टोकावर टेबलाचा...”

तो थांबला.

त्याला त्याचा स्वतःचा पाय दिसला. अनवाणी, जपून दाराशी ठेवलेला. फळीचं पलीकडचं टोक दिसलं. टेबलाचा पाय दिसला. टेबलावरचा माऊस दिसला, केसभर सरकलेला.

“मीच,” तो म्हणाला. “बाबा... दर वेळी मीच.”

आईची सावली त्या खोलीतून निघून गेली. त्याला मोकळं वाटायला हवं होतं. एक श्वासभर वाटलंही. मग भलतंच सुचलं, आणि त्यापुढे आधीची भीती काहीच नव्हती. आता वर जायचं नाही. खाली पडून राहायचं. वर अंधार, यंत्र झोपलेलं, आबा झोपलेले. आणि बघायला कुणी नाही.

“मी गेलो नाही... मी बघायला गेलो नाही, आणि आबा आईसारखेच... मग?”

बाबांनी गुडघ्यावरचा हात काढून घेतला. भिंतीचा आधार घेत ते उठले. उठताना त्यांना धाप लागली. छातीचं हाड न हाड दिसत होतं. एवढे म्हातारे झालेत बाबा, हे धनंजयच्या आजवर ध्यानातच आलं नव्हतं.

“बाबा, काहीतरी सांगा.”

“पडतो जरा,” बाबा म्हणाले आणि आतल्या खोलीत गेले. घोंगडीवर आडवे झाले. तोंड भिंतीकडे केलं. “दार ओढून घे.”

दार आबांनीच केलेलं होतं, तरणेपणी. लोटलं तर आवाज नाही. धनंजयने ते ओढून घेतलं. पिशवी उचलली. दोन पावलं चालला...

थांबला.

आत काहीच वाजत नव्हतं. खोकला नाही. कूस नाही. पडवीतला कुत्रासुद्धा आता घोरत नव्हता.

जरा पडते, असंच आई म्हणाली होती.

तो परत फिरला. श्वास कोंडून, चवड्यांवर. दाराला कान लावला. आपलं काळीज तेवढं ऐकू आलं. मग हात आपोआप कडीकडे गेला. अजून लागलाही नव्हता...

आतून आवाज आला.

“आहे अजून. जा.”