न पिळलेले फडके

पूर्वी तगर नगरीवर नंदसेन नावाच्या राजाचे राज्य असताना बोधिसत्त्व तेल काढणाऱ्या घाणेकऱ्यांच्या कुळात जन्मला आणि आपल्या बुद्धीने त्या राजाचा न्यायामात्य झाला.

एकदा राजाच्या धाकट्या मुलीचे पोट दुखू लागले. राजवैद्य भद्रिल याने तिला एरंडेल दिले. हे औषधी तेल सामा नावाची म्हातारी तेलीण थंड घाण्यावर काढी आणि गाळासकट मडक्यात भरून राजवाड्यात देई. ते गाळण्याचा अधिकार एकट्या राजवैद्याचा होता. तेल घेतल्यावर मुलीला ओकाऱ्या सुरू झाल्या, रक्त पडू लागले, आणि ती आईलाही ओळखेनाशी झाली.

कोतवाल स्कंद याने सामाला धरून आणले. वैद्याला कोणी काही विचारले नाही. वैद्य सभेत आसनावर बसत असे आणि सामा दाराबाहेर उभी राहत असे. त्या नगरीत एवढे कारण पुरेसे होते. तिने मडक्यात विष कालवले असे ठरले. ती नाही म्हणाली, तेव्हा कोतवालाने सुचवले की हिचे हात हिच्याच घाण्यात घालावेत, म्हणजे खरे आपोआप निघेल.

सामा म्हणाली, "कोतवालदादा, त्यातून रक्त निघेल. तेच तुम्हाला खरं वाटत असेल तर घाला."

मुलीच्या उशाशी बसून राजाचे डोळे लाल झाले होते. त्याने होकार दिला.

तेव्हा बोधिसत्त्व उठला. मडक्यात उरलेले तेल सभेत आणावे आणि सूर्यास्तापर्यंत थांबावे, एवढेच त्याने मागितले. तोवर खरे बाहेर आले नाही, तर घाण्यात आधी माझे हात घाला, असेही तो म्हणाला. सामाने त्याला लहानपणी घाण्याच्या फळीवर बसवून फिरवले होते. ती हळूच म्हणाली, "लेकरा, तू कशाला मध्ये पडतोस?"

काशाच्या रुंद भांड्यावर चौपदरी सुती फडके बांधले गेले. बोधिसत्त्वाने त्यावर तेल ओतले. पुराच्या पाण्यासारखे ते गढूळ होते. मग तो सभेकडे वळून म्हणाला, "मूठभर एरंडाच्या बियांनी वासरू मरते, आणि त्याच बियांचे तेल आपण बाळंतिणीला देतो. विष तेलात उतरत नाही. ते चोथ्याला धरून राहते. तेल आपल्या वजनाने खाली आले, तर विष फडक्यावर राहते. फडके पिळले, तर दोन्ही खाली येतात."

एवढे बोलून तो बसला.

पहिला थेंब पडायला वेळ लागला. मग दुसरा पडला. हात चिरडलेले पाहायला जमलेली माणसे थेंबांकडे पाहू लागली. ज्याच्या पोटात मरण आहे अशा बीमधून हे सोनेरी, निर्मळ काहीतरी उतरत होते, आणि त्याला कोणीही हात लावत नव्हते. दुपार कलली. भांड्याच्या तळाशी कोरलेले कमळ तेलातून पाकळीन् पाकळी दिसू लागले.

कोतवालाला राहवेना. तो पुढे होऊन म्हणाला, "अमात्य, एक पिळा दिला की संपलं."

"तेवढाच पिळा कोणीतरी दिला आहे, स्कंदा."

मग बोधिसत्त्वाने गाळलेले तेल वाटीत घेतले, सर्वांसमक्ष पिऊन टाकले आणि तो पुन्हा जागेवर जाऊन बसला. त्याने कोणाकडेही बोट दाखवले नाही.

उन्हे खांबांवर चढली तेव्हा भद्रिल आसनावरून खाली उतरला. त्याला कोणी हाक मारली नव्हती.

"महाराज, फडके मी पिळले," तो म्हणाला. "तेल लवकर द्या म्हणून तुमचा एक दूत आला, दुसरा आला. तिसरा म्हणाला, राजा संतापला आहे. थेंब संपेनात. मी घाबरलो."

सवयीने कोतवाल त्याच्याकडे निघाला. राजाने त्याला अडवले. राजा म्हणाला, "ती घाई माझी होती." मग त्याने बोधिसत्त्वाला विचारले, "तुला ठाऊक होते?"

"संशय होता."

"मग नाव का घेतले नाहीस?"

"नाव घेतले असते, तर तुम्ही त्यालाही पिळले असते. मग त्याने माझे नाव सांगितले असते, सामाचे सांगितले असते, तुम्हाला हवे त्याचे सांगितले असते."

राजा उतरून सामापुढे हात जोडून उभा राहिला. ती म्हणाली, "ते राहू द्या. पोरगी कशी आहे?"

सभेत कोणालाच सांगता येईना. तेव्हा सामा स्वतः आत गेली. त्या संध्याकाळी मुलीने डोळे उघडून पाणी मागितले. राजाने दवंडी पिटवली, की या राज्यात यापुढे वेदना देऊन कोणाकडूनही कबुली घेतली जाणार नाही.

ही कथा सांगून शास्ते भिक्खूंना म्हणाले, "विहारातले पात्र सापडेना म्हणून झाडलोट करणाऱ्याला ज्याने उपाशी कोंडले, तो भिक्खू सुदर्भ तेव्हा कोतवाल होता. कोंडलेला तो माणूस म्हणजे तेव्हाची सामा. चोर लवकर दाखवा म्हणून निरोपावर निरोप धाडणारा, ते पात्र दान देणारा दाता तेव्हा नंदसेन होता. आणि आज सकाळी कोणी न विचारता उठून, पात्र माझ्या हातून फुटले, असे म्हणणारा भिक्खू भद्रिल होता. न्यायामात्य मी होतो. धीराने सोसण्याच्या या पारमितेला क्षांती म्हणतात. जा, त्या माणसाचे दार उघडा."