सरकारांच्या गाडीतला गारवा

कोल्हापूरच्या रणधीरराव इनामदारांनी आपल्या जुन्या, दांडग्या इंजिनाच्या अमेरिकन गाडीला आमच्या दुकानात एसी बसवून घेतला. आठवड्यात सरकार, म्हणजे हेच इनामदार, परत आले आणि भर गिऱ्हाइकांत गरजले, “अण्णा, काय डबडं बसवलंय हे? घाम थांबंना! आज गारवा दावा, न्हाईतर दुकानाची अब्रू चव्हाट्यावर टांगतो!”

माझे भागीदार भूपालअण्णा गाडीत शेजारी बसले आणि सरकारांनी गाडी रस्त्यावर काढली. बघतात तर काच पूर्ण खाली, सरकारांचं कोपर बाहेर आणि रस्ताभर रामराम घेणं चालू.

“सरकार, काच वर घ्या की.”

“मग लोकांना मी दिसणार कसा?”

“तुम्हीच ठरवा,” अण्णा हसले, “गारवा पायजे का रामराम? काच एकच हाय.”

सरकारांनी काच चढवली. गाडी गारेगार झाली. पुढच्या चौकात काच पुन्हा उतरली म्हणा, पण तक्रार घेऊन सरकार काही पुन्हा आले नाहीत.