तीन सांजांची ताकीद

त्या राज्यात कुठल्याही जिवाला कायद्याशिवाय मारत नसत. उपद्रवी कोण, ते फर्मानात लिहिलेलं होतं. कुणाला जाळायचं नाही, कारण आगीची शिक्षा एकट्या निर्मात्याच्या हाती. हाल करायचे नाहीत, एका घावात संपवायचं. आणि घरात राहणाऱ्या सापाला आधी तीन दिवस ताकीद द्यायची, मगच त्याच्या वाटेला जायचं. मरणारा जीवही आपल्या परीनं तसबीह, म्हणजे निर्मात्याचं गुणगान, पढत असतो, असं तिथं लहानथोर मानत. फर्मानात उंदरांचंही नाव होतं म्हणे. पण ते फर्मान ठेवलं होतं धान्याच्या कोठारात, आणि त्याची खालची ओळ कधीच कुरतडली गेली होती.

कोठाराच्या जोत्याखाली एक धामण राहायची. तिच्या धाकानं उंदीर बेतानं खात. त्या साली तिनं अंडी घातली आणि ती त्यांच्याभोवती वेटोळं घालून बसली, बाहेर पडेना. उंदरांनी संधी साधली. धान्य घटतंय आणि धामणच ते खाते, अशी फिर्याद त्यांनी दरबारात गुदरली. आता धामण जोंधळे खाते हे कुणी ऐकलंय का? पण सापाचं नाव निघालं की भल्याभल्यांची अक्कल पळते. बेडकांनी तर सगळ्यांआधी माना डोलावल्या.

काझी होता हुदहुद पक्षी. तुरा ताठ, कायदा तोंडपाठ. त्यानं हुकूम सोडला, "तीन सांजा ताकीद दिली जाईल. तोवर तिनं घर सोडावं. चौथ्या सांजेला दिसली, तर मुंगूस आपलं काम करील."

केवढा न्यायी काझी, असं सगळे म्हणाले.

पहिल्या सांजेला मगरिबची, सूर्य मावळल्यावरच्या नमाजाची, वेळ झाली. काझी बिळासमोरच्या दगडावर बसला आणि खणखणीत आवाजात ताकीद वाचून परतला. बिळाशेजारी राहणारी एक म्हातारी मुंगी त्याच्यामागोमाग धापा टाकत गेली.

"काझीसाहेब, तिला कान नाहीत हो! जमीन हादरली तरच तिला कळतं. जवळ जाऊन जरा माती ठोका."

काझीनं खाली पाहिलं. बिळाच्या इतक्या जवळ जायचं म्हणजे! पण काझीनं घाबरलो असं म्हणायचं नसतं.

"खाला, ताकीद द्या एवढंच कायद्यात आहे," तो त्या म्हाताऱ्या मावशीला म्हणाला. "ती पोचवा असं कुठंही लिहिलेलं नाही."

दुसऱ्या सांजेलाही तेच झालं, आणि तिसऱ्याही. मुंगीला राहवेना. ती स्वतःच बिळाच्या तोंडाशी जाऊन पाय आपटू लागली. आपटून आपटून सहाही पाय सोलवटले, पण मुंगीच्या पायांनी जमीन ती किती हलणार! शेवटी तिथंच बसून ती रडली.

आत धामणीला रोज सांजेला उजेडात एक तुरा दिसे. चोच उघडे, मिटे. आवाज नाही, काही नाही. तिला वाटलं, कुणी भला जीव आपल्या दाराशी येऊन तसबीह पढतोय. वर्षानुवर्षांत तिच्या दाराशी कुणी आलं नव्हतं. पहिले दोन दिवस तिनं अंड्यांपाशी बसूनच मनोमन सलाम केला. तिसऱ्या दिवशी मात्र तिला आपलीच लाज वाटली. पाहुणा तीन-तीनदा दारी येतो आणि आपण साधं उठून या म्हणत नाही, ही कुठली रीत?

चौथ्या सांजेला तुरा पुन्हा दिसला. तिनं अंडी मातीनं नीट झाकली आणि ती हळूहळू बाहेर आली. मुंगी आडवी धावली, पण धामणीनं तिला अलगद वळसा घातला. दगडासमोर येऊन तिनं अदबीनं मान जमिनीला टेकवली.

काझीची चोच मिटली.

तेवढ्यात मागून जमीन हादरली. धप, धप, जवळ येणारी पावलं. धामणीला फार बरं वाटलं. आज पाहुणा एकटा आला नव्हता.