पास्कू मास्तरांच्या नऊ रेकॉर्डी

“पण मग ऐकायची झाली तर ऐकता कशी?”

टिपणीसांनी हे दुसऱ्यांदा विचारलं. पहिल्यांदा विचारलं तेव्हा पास्कू मास्तर बशीत चहा ओतत होते, आणि चहा ओतताना ते कुणाला उत्तर देत नाहीत.

प्रश्न तसा वाजवीच होता. ओटीवर स्टुलावर रेकॉर्ड प्लेअर, झाकण उघडं, पुसून लखलखीत. आणि घरभर शोधलं तरी रेकॉर्ड एकही नाही.

“कुणीतरी घेऊन येतं,” मास्तर म्हणाले.

“आणि कुणी आलंच नाही तर?”

“तर त्या दिवशी ऐकत नाही.”

टिपणीसांनी माझ्याकडे पाहिलं. म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर आहे ना, असं त्यांना विचारायचं असावं. मी आढ्याकडे पाहिलं.

मी इनास, मास्तरांचा शेजारी. भुईगावात माझी केळीची वाडी आहे. जॅझमधलं मला ओ की ठो कळत नाही. भांडण चाललंय की वरात, एवढंही सांगता यायचं नाही. पण मास्तरांनी पंचवीस वर्षं मुंबईच्या हॉटेलांतल्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलं, आणि त्यांची एक रेकॉर्ड माझ्या घरी असते. बायकोने ती कपाटात लग्नातल्या साडीखाली ठेवली आहे. माझा वार रविवार. चर्चमधून आलो की ती काखोटीला मारायची, मास्तरांकडे जायचं, दोन्ही बाजू ऐकायच्या आणि परत घरी आणायची.

अशा नऊ रेकॉर्डी गावातल्या नऊ घरांत आहेत, प्रत्येक घराचा वार ठरलेला, दोन वारी दोन-दोन घरं. बाकी होत्या त्या मास्तरांनी कधीच लोकांना देऊन टाकल्या.

टिपणीस आले होते ठाण्याहून. टेलिफोन खात्यातून निवृत्त, साठी उलटलेली, इस्त्रीचा शर्ट. त्यांच्याकडे चौदाशे रेकॉर्डी आहेत, सगळ्या जुन्या जॅझच्या, आणि एकीवरही चरा नाही. हे त्यांनी फाटकाची कडी लावता लावताच सांगितलं. मास्तर म्हणाले, बसा.

फोनवर त्यांचा एक ग्रुप आहे, तीनशे बारा माणसांचा. रोज संध्याकाळी सातला ज्याने त्याने आपल्या घरी फिरत असलेल्या रेकॉर्डचा फोटो टाकायचा आणि खाली लिहायचं, ‘आत्ता वाजतंय’. मग बाकीच्यांनी अंगठे दाखवायचे. चार वर्षांत टिपणीसांची एकही संध्याकाळ चुकलेली नाही. तीनशे बारांत असा मी एकटाच, म्हणाले. म्हटलं, बरं बाबा.

त्यांना हवी होती एकच रेकॉर्ड. मास्तरांच्या बँडने तरुणपणी मुंबईत चार धुना ध्वनिमुद्रित केल्या होत्या. दुसऱ्या धुनेत बाकी सगळे थांबतात आणि मास्तरांचं क्लॅरिनेट एकटंच वाजत राहतं. ती रेकॉर्ड आता कुठे मिळत नाही. मास्तरांकडची मारशेलीनच्या घरी असते. ती गजरे करून विकते, तिचा वार बुधवार.

बदल्यात टिपणीस पन्नास रेकॉर्डी द्यायला तयार होते. मास्तरांनी हव्या त्या निवडाव्यात, पेटीत भरून आणून देतो, म्हणाले.

“पन्नास घरं कुठून आणू?” मास्तरांनी विचारलं.

मग टिपणीस दुसऱ्या बाजूने आले. अशी दुर्मिळ वस्तू गजऱ्यांच्या ओलाव्यात ठेवायची म्हणजे बुरशी धरणार, त्यांच्या कपाटात ती सुखरूप राहील, असं त्यांचं म्हणणं. मास्तरांनी मान हलवली. बुरशी धरलीच आहे, म्हणाले, मारशेलीन पदराने पुसते. ‘पदराने’ हे ऐकल्यावर टिपणीसांचा चेहरा असा झाला, की मला हसू दाबायला खोकावं लागलं.

चार वाजून गेले. मास्तर मघापासून फाटकाकडे बघत होते.

“इनास, राफायल आला नाही. बघून ये जरा.”

शनिवार राफायलचा. मी कुरकुरलो, उन्हाचा कशाला पाठवता म्हणालो, आणि गेलो. राफायल पडवीत बसला होता, गुडघा सुजून टम्म, मांडीवर रेकॉर्ड. कपडे घालून तयार होता, पण उठताच येईना. निरोप पाठवायची लाज वाटली म्हणाला. मी परत येऊन तसं सांगितलं. संध्याकाळी बाम घेऊन जातो, एवढं मास्तर म्हणाले आणि बशी धुवायला आत गेले.

टिपणीसांनी मला हळूच विचारलं, हे नेहमीचंच का. म्हटलं, हो, गेल्या महिन्यात मी तापाने पडलो तेव्हा अकरा वाजता मास्तर स्वतः दारात उभे होते.

मास्तर बाहेर येऊन बसले.

मग टिपणीस बोलायला लागले, ते ओटीच्या लाद्यांकडे बघत. गेल्या श्रावणात त्यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. अकरा दिवस इस्पितळात होते. बायकोला जाऊन सहा वर्षं झाली, मूलबाळ नाही. फॉर्मवर नातेवाइकाच्या रकान्यात कुणाचं नाव घालायचं ते सुचेना, म्हणून त्यांनी स्वतःचंच घातलं. फोनमध्ये रेकॉर्डींचे जुने फोटो होते. रोज सातला खाटेवरून त्यांनी त्यातला एकेक टाकला. खाली ‘आत्ता वाजतंय’. हाताला सलाइन लावलेलं, तरी डाव्या हाताने टाकला.

“दोनशे दोनशे अंगठे यायचे, मास्तर. एकानेही विचारलं नाही...” ते थांबले. “विचारणार तरी कसं? मी तर रोज वाजवत होतो.”

मला फार वाईट वाटलं. मघापासून मनातल्या मनात मी या माणसाची टर उडवत होतो, आणि तो हे पोटात घेऊन बसला होता.

मास्तरांनी विचारलं, “तिथे खरं काय वाजत होतं?”

“पंखा. आणि शेजारच्या खाटेवरचा म्हातारा कण्हायचा.”

“मग ते का नाही लिहिलंस?”

‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, ते टिपणीसांच्याही ध्यानात आलं नसावं.

खिशातून रुमाल काढून टिपणीसांनी चष्मा पुसला. मग ती रेकॉर्ड कशाला हवी ते सांगितलं, आणि या वेळी त्यात चौदाशेचा तोरा नव्हता. त्यांच्या प्लेअरसमोर दोन खुर्च्या आहेत. त्यातली एक बायको गेल्यावर घेतली, येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी. तिच्यावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. ही रेकॉर्ड मिळाली तर पुण्याहून, बेंगळुरूहून माणसं ऐकायला येतील. फोटोवर भागणार नाही त्यांचं, यावंच लागेल. कुणीतरी त्या खुर्चीत बसेल.

“एक तास बसलं तरी चालेल मला,” ते म्हणाले.



वाडीत रहाटाजवळ पोरी पाणी भरत होत्या, त्यांचं हसणं ऐकू येत होतं. मास्तर गुडघ्यावर हात टेकून उठले. मला वाटलं, आता हे याला मारशेलीनकडे नेणार आणि रेकॉर्ड देऊन टाकणार. मनात म्हटलंसुद्धा, द्या बाबा, देऊन टाका.

मास्तर प्लेअरपाशी गेले. ज्या दांडीला पिन असते तिच्या टोकाची फिरकी त्यांनी सैल केली. हात कापतात त्यांचे, वेळ लागला. पिन बसवलेलं पुढचं डोकं काढून त्यांनी कापसात गुंडाळलं, खोकल्याच्या गोळ्यांच्या रिकाम्या डबीत घातलं आणि ती डबी टिपणीसांच्या हातावर ठेवली.

टिपणीस जाणकार माणूस. ते घाबरलेच. या जातीची पिन आता कुठे मिळत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

“दुसरी असेल ना तुमच्याकडे?”

“नाही.”

मी मध्ये पडलो. उद्याचा वार माझा होता. जॅझ कळत नाही ते सोडा, पण रविवार तो रविवार. ओळख ना पाळख, पहिल्यांदा आलेल्या माणसाच्या हातात अख्ख्या गावाचं ऐकणं द्यायचं म्हणजे काय, असं बरंच काही मी बोललो. मास्तरांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

“बुधवारी घेऊन ये,” ते टिपणीसांना म्हणाले. “मारशेलीन चारला येते.”

टिपणीस डबीकडे बघत राहिले. मग सबबी सुरू झाल्या. ठाण्याहून इथे यायचं म्हणजे दोन गाड्या बदलायच्या. डॉक्टरांनी दगदग करू नका म्हणून सांगितलंय. बुधवारी पाऊसही असेल कदाचित. बोलत होते, पण डबी काही परत करत नव्हते.

“आणि समजा...” त्यांनी डबीचं झाकण दाबून पाहिलं. “समजा मी नाही आलो, तर?”

मास्तरांनी प्लेअरचं झाकण लावलं आणि ते आपल्या जागेवर येऊन बसले.

“तर इथे काही वाजणार नाही,” ते म्हणाले. “नऊ घरांना कळेल, टिपणीस आला नाही.”