टिटवीची ओली पाटी

डोंगरांना अजून नावं पडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. नदीकाठी पाखरांचं विद्यापीठ होतं. तिथे बगळेमास्तरांनी परीक्षा घेतली ती फांदीवर. टिटवीच्या पायाला फांदी धरता येत नाही. बसली की धपकन खाली. मास्तरांनी तिला नापास केलं, वर्ष बुडालं.

टिटवी तीन दिवस रानभर ओरडत फिरली. कासवमावशी म्हणाली, "अगं बाई, कान किटले माझे. ओरडलेलं वारा घेऊन जातो. ओल्या मातीच्या पाटीवर तक्रार खरड, आणि ज्याला देशील त्याचा पाय शेजारी उमटवून घे. मग रोज एक रेघ ओढ."

मास्तरांनी पाय उमटवला, "बघू" म्हणाले आणि आठ दिवस एका पायावर डोळे मिटून उभे राहिले. टिटवीनं पाटी भिजवली आणि त्यांच्या वरच्या घोरपडबाईंकडे नेली. त्यांनीही पाय उमटवला, "बघू" म्हणाल्या आणि बिळात शिरल्या. आणखी आठ रेघा झाल्या, तशी टिटवी तुरुतुरु थेट कुलगुरू हत्तीपुढे जाऊन उभी राहिली.

"आण, उमटवतो पाय," हत्ती म्हणाला.

टिटवीनं पाटी पंखाखाली ओढली. "नको हो आजोबा! पाटीही जाईल आणि मीही जाईन. तुम्ही आपलं वाचाच."

हत्ती सोंड उडवून हसला. पाय उमटवून सुटता येईना, म्हणून त्याला वाचावंच लागलं. दोन ठसे पाहिले, सोळा रेघा मोजल्या. म्हणाला, "उद्या परीक्षा वाळूवर."

टिटवी पहिली आली. बगळेमास्तर मात्र त्या दिवशी, जन्मात पहिल्यांदाच, दोन्ही पायांवर उभे होते.